शाळेचा कर घरावर की पगारावर?

गेल्या आठवड्यात इथे पेनसिल्व्हेनियात आमच्या टपालात शाळेच्या कराचं बिल आलं. या घरात राहायला येऊन तेवीस वर्षं झाली, पण हे बिल स्वतःच्या हातात धरायची माझी ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं ते बँकेकडे जायचं. घराच्या हप्त्याबरोबर बँक दरमहा कराचे पैसेही घ्यायची, एस्क्रोच्या खात्यात साठवायची आणि वेळ आली की परस्पर भरून टाकायची. फेब्रुवारीत कर्ज फिटलं. देवापुढे साखर ठेवली, सांगलीला भावाला फोन केला. आणि जुलै उजाडला तसं हे पाकीट आलं. ६,४१२ डॉलर. ऑगस्टअखेर भरले तर दोन टक्के सूट, ऑक्टोबर संपला की दहा टक्के दंड.

आकडा मला नवा नव्हता, बँकेच्या वार्षिक कागदावर तो दिसायचाच. पण हप्त्यात विरघळून गेलेला आकडा वेगळा आणि कुणीतरी दारात उभं राहून एकरकमी मागावा तसा समोर आलेला आकडा वेगळा. मी अजून नोकरीत आहे, म्हणून हे भरताना पोटात गोळा येत नाही. आणखी सात-आठ वर्षांनी येईल.

बिल हातात घेऊन उभी असताना मला आमच्या शेजारच्या बाई आठवल्या. त्यांच्या फ्रिजवर हेच बिल लोहचुंबकाखाली लावलेलं असायचं, जुलैच्या सुरुवातीपासून थेट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात आकडे एकाखाली एक लिहिलेले असत: वर्षभर थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे. दोन टक्क्यांची सूट त्यांनी कधीही सोडली नाही. चेक लिहून झाला की टपालात टाकायच्या नाहीत, टॅक्स कलेक्टरच्या घरी स्वतः नेऊन द्यायच्या. (आमच्याकडे टॅक्स कलेक्टर म्हणजे गावातलाच निवडून आलेला माणूस. पुष्कळदा त्याच्या घराची पुढची खोली हेच त्याचं ऑफिस.) त्यांचे यजमान पोलादाच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर बाईंना त्यांच्या पेन्शनचा काही भाग आणि सोशल सिक्युरिटी (सरकारकडून मिळणारं निवृत्तिवेतन) एवढंच येई.

याच बाईंनी २००७ साली, ज्या प्रस्तावाने त्यांचं बिल कमी होणार होतं, त्याच्या विरोधात मत दिलं. त्या मतदानाबद्दल मला आज लिहायचं आहे. अठरा वर्षं झाली तरी तो विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि त्या वेळी मी जे बोलत होते त्यातलं निम्मं मला आज पटत नाही.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी आधी थोडं सांगते. आपल्याकडे शहरातल्या घरपट्टीच्या बिलावर शिक्षण उपकर असतो. १९६२ च्या कायद्यापासून तो आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार काही त्या गावच्या घरपट्टीवर ठरत नाही, तो सरकारकडून येतो. इथे पेनसिल्व्हेनियात तसं नाही. राज्याचे पाचशे स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकाचं निवडून आलेलं बोर्ड आहे आणि ते बोर्ड आपापल्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, जमिनींवर कर बसवतं. शाळांच्या एकूण खर्चात राज्य सरकारचा वाटा चाळीस टक्क्यांच्याही खाली. केंद्राकडून येतं ते थोडंच. म्हणजे उरलेलं ओझं मुख्यतः घरांवर.

घर हे उत्पन्न नव्हे. घराची किंमत वाढली म्हणून घरात पैसा येत नाही. कारखाना बंद पडला, नवरा गेला, पगार थांबला, तरी कराचं बिल थांबत नाही. म्हणून वर्षानुवर्षं इथले म्हातारे लोक सभांना जाऊन एकच गोष्ट सांगत आले: कमाईवर कर घ्या, घरावर नको.

राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, विधिमंडळाने आधी २००४ मध्ये त्यासाठी एक कायदा करून पाहिला होता. त्यात सामील व्हायचं की नाही हे स्कूल बोर्डांवर सोडलं होतं. तेव्हाच्या ५०१ पैकी फक्त १११ बोर्डं तयार झाली. मग जून २००६ मध्ये गव्हर्नर एड रेंडेल यांनी ॲक्ट वन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि या वेळी बोर्डांना पळवाट ठेवली नाही. फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि स्क्रँटन सोडून बाकीच्या ४९८ डिस्ट्रिक्टांनी आपल्या मतदारांना सरळ विचारायचं: तुमच्या पगारावर शाळेसाठी जादा कर लावू का, आणि त्या पैशातून राहत्या घरांचा कर कमी करू का? बोर्डाने आधी स्थानिक लोकांची समिती नेमायची. अर्नड इन्कम टॅक्स की पर्सनल इन्कम टॅक्स, ते ठरवायचं. पहिला पगारावर आणि धंद्याच्या नफ्यावर. दुसऱ्यात व्याज, लाभांश, भाडं हेही येतं. पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीला दोन्हींत हात नाही. मतपत्रिकेवर कराचा दर छापायचा आणि घरामागे अंदाजे किती डॉलर वाचतील तेही छापायचं.

मतदान १५ मे २००७ ला, प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांचे उमेदवार निवडायच्या दिवशी.

आम्हाला तेव्हा मत नव्हतं, ग्रीन कार्डही नुकतंच झालं होतं. पण ज्यांना मत होतं असे आपले चार-पाच मराठी लोक त्या महिन्यातल्या पॉटलकला आमच्याकडे जमले होते. कुणीतरी पेपरचं कात्रण आणलं होतं. साबुदाण्याच्या खिचडीवरून सुरू झालेल्या गप्पा अर्ध्या तासात हमरीतुमरीवर आल्या. मी कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या डिस्ट्रिक्टचा प्रस्ताव एका टक्क्याचा होता. आम्हा दोघांचा मिळून पगार नव्वद हजार धरला तर वर्षाला नऊशे डॉलर जाणार, घराच्या बिलात पाचशेच्या आसपास वाचणार. चारशेचं नुकसान, आणि पगार वाढेल तसं नुकसानही वाढणार. मी म्हटलं, कशाला हो म्हणायचं? सगळ्यांनी माना हलवल्या. एक काका तेवढे म्हणाले, "तू आजचा हिशेब करतेयस. माझ्या वयाचा कर." मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. दिलंच नसावं.

आणि इथेच मला एक गोष्ट खूप उशिरा कळली. आमच्यासारख्या हप्ते भरणाऱ्यांना घराचा कर दिसतच नव्हता. पगाराच्या स्लिपवरची प्रत्येक ओळ मात्र आम्ही वाचत होतो. निवृत्त माणसाचं बरोबर उलटं, त्याच्याकडे स्लिप नाही, बिल आहे. प्रश्न एकच होता, पण घरोघरी तो वेगवेगळ्या कागदावर वाचला गेला.

आता शेजारच्या बाई. मतदानाच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे लोणच्याची बाटली परत द्यायला गेले होते. (आमचं लिंबाचं गोड लोणचं त्यांना भारी आवडायचं, भाजलेल्या मांसाबरोबर खायच्या.) मी गृहीतच धरलं होतं की त्या 'हो' म्हणणार. त्यांचं बिल तेव्हा ३,८०० च्या घरात होतं. त्यातले पाचशे सुटणार आणि पगार नसल्याने नवा कर शून्य. निव्वळ फायदा.

त्या म्हणाल्या, मी 'नाही' म्हणणार.

मी कारण विचारलं. त्यांनी खिडकीतून पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवलं. मुलगा, सून आणि दोन नातवंडं तिथे भाड्याच्या घरात राहत होती. मुलगा गोदामात रात्रपाळीला, सून दवाखान्यात फोन घ्यायला. घर त्यांचं नाही म्हणून सवलत त्यांना नाही, पण पगार आहे म्हणून कर आहे. "घरमालक काही भाडं कमी करणार नाही," बाई म्हणाल्या. "पोरांच्या पगारातून काढून माझं बिल कमी करायचं? मला नाही जमायचं ते."

मग त्यांनी दुसरं कारण सांगितलं आणि ते मला जास्त लागलं. त्यांचा कुणावर विश्वास राहिला नव्हता. हा पगारावरचा कर आला की कायमचा आला. घराचं बिल आज पाचशेने उतरेल आणि तीन वर्षांत परत होतं तिथे येईल. मग दोन्ही भरायचे. "ते दुसरा खिसा मागतायत," त्या म्हणाल्या. "पहिला शिवून टाकतो असं कुणी म्हणत नाहीये."

त्यांचं म्हणणं खरं होतं. कायद्यात घराचा कर रद्द करायची सोय नव्हतीच. राज्याच्या घटनेत १९९७ च्या दुरुस्तीनंतर एवढीच मुभा होती की डिस्ट्रिक्टमधल्या मधल्या किमतीच्या घराच्या निम्म्या मूल्यापर्यंत सूट द्यावी. त्यापुढे कुणाची इच्छा असली तरी हात बांधलेले. म्हणजे लोकांना विचारलेला प्रश्न 'घरावर की पगारावर' असा नव्हताच. तो होता 'घरावर थोडा कमी आणि पगारावरही.'

पंधरा मेला काय झालं ते या राज्यात त्या वेळी राहणाऱ्यांना आठवत असेल. ४९८ पैकी जेमतेम आठ ठिकाणी प्रस्ताव मंजूर झाला. बाकी सगळीकडे आपटला, आणि काठावर नव्हे, दणकून. प्रायमरी असल्याने मुळात मतदान कमी. पक्षात नाव न नोंदवलेल्यांनाही अशा प्रश्नावर मत देता येतं, हे कितीतरी जणांना माहीतच नव्हतं. पण ही कारणं निकालाच्या आकाराला पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते की मतदारांना शाळेसाठी पैसे द्यायचेच नाहीत, मतदार अप्पलपोटे आहेत. मला तेव्हाही ते पटलं नाही आणि आज तर मुळीच पटत नाही. मी ज्या एका मतदाराला जवळून पाहिलं, तिने स्वतःचे पाचशे डॉलर सोडून 'नाही' म्हटलं होतं.

पुढे तिची भीती एकेक करून खरी होत गेली. याच कायद्यात आणखी एक कलम होतं: ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करवाढ हवी असेल तर बोर्डाने मतदारांपुढे जायचं. ऐकायला छान. पण त्यात अपवाद ठेवले होते, पेन्शनचा खर्च हा त्यातला एक. शिक्षकांच्या पेन्शन फंडात पूर्वी वेळच्या वेळी पुरेसे पैसे टाकले गेले नव्हते, त्याचं बिल नंतर डिस्ट्रिक्टांच्या गळ्यात आलं. २०१०-११ मध्ये पगाराच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास असलेला हा वाटा २०१९-२० मध्ये चौतीस टक्क्यांच्या वर गेला. राज्य त्यातला निम्मा भार उचलतं, तरी उरलेला कुठून येणार? घरांवरून. शिक्षकांचा यात काहीही दोष नाही, त्यांच्या पगारातून त्यांचा हिस्सा दर महिन्याला कापला जात होता. दोष आहे तो पुढच्यावर ढकलणाऱ्यांचा.

सवलत आली ती जुगाराच्या पैशातून. २००४ मध्येच स्लॉट मशीनना परवानगी दिली होती, त्यातला वाटा २००८ पासून घराच्या करात वळता होऊ लागला. सुरुवातीची वर्षं सगळ्या राज्यासाठी वर्षाला साठ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे घरामागे दोनशेच्या आतबाहेर. आमच्या लीहाय व्हॅलीत तर हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. बेथलहेम स्टीलच्या भट्ट्या १९९५ मध्ये थंड झाल्या, २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि मे २००९ मध्ये त्याच जागेवर कॅसिनो उघडला. ज्या आवारात अर्ध्या गावाने पगार कमावला, तिथे आता गावातले म्हातारे बसने जाऊन यंत्रात पैसे टाकतात आणि त्यातला थोडा हिस्सा शाळेच्या करात सूट म्हणून परत येतो. माझ्या बिलावरही त्या सवलतीची वेगळी ओळ छापलेली आहे. मला ती ओळ वाचवत नाही.

मतदान झालं त्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबा जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तर होते, शेवटी हेडमास्तर. दुष्काळी भाग. वस्त्यांवरची पोरं मैलोन्‌मैल चालत यायची. संध्याकाळी फिरायला निघालो की ते दर चार घरांमागे काहीतरी विचारायचे. मी त्यांना या मतदानाची गोष्ट सांगितली, घराचा कर, पगाराचा कर, सगळं. ते थांबले.

"अगं, म्हणजे ज्या गावची घरं पडकी, त्या गावची शाळापण पडकी?"

मी म्हटलं, "तसंच काहीसं."

"आणि पगारावर कर लावला तर? त्याच गावच्या पगारावर ना?"

"हो."

"मग फरक काय पडला? ज्याचं घर पडकं त्याचा पगारपण तेवढाच असणार की."

मी तासभर पॉटलकमध्ये हिशेब मांडला होता, आमच्या स्लिपचा, आमच्या बिलाचा. हा हिशेब मला सुचलाच नव्हता. आपण सगळे त्यावर भांडत होतो की हद्दीच्या आतलं ओझं कुणाच्या खांद्यावरून कुणाच्या खांद्यावर टाकायचं. ती हद्द मात्र कुणीच हलवत नव्हतं. ॲलनटाऊन शहर आणि त्याला अगदी चिकटून असलेलं पार्कलँड घ्या. एकीकडे जुनी ओळीतली घरं, तुटपुंजे पगार, पोरं जास्त. दुसरीकडे नवी घरं, मोठी गोदामं, डॉक्टर, इंजिनिअर. घरावर एक टक्का लावा नाहीतर पगारावर एक टक्का लावा, दोन्हीकडे हाताला लागणारे पैसे सारखे येणारच नाहीत. आणि आपल्यातल्या बहुतेकांनी घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट पाहिलं, मग स्वयंपाकघर. मीही तेच केलं. मुलांसाठी केलं आणि पुन्हा वेळ आली तर बहुधा पुन्हा करीन. पण त्या निवडीने जी शाळा मागे राहते, तिथेही कुणाची तरी मुलं असतात.

मिशिगनमधल्या लोकांना हे वाचून त्यांची १९९४ ची गोष्ट आठवेल. तिथे कल्कास्का नावाच्या डिस्ट्रिक्टमध्ये मतदारांनी कर नाकारला आणि १९९३ मध्ये मार्चमध्येच शाळा बंद झाल्या, वर्ष संपायला अडीच महिने असताना. त्याच उन्हाळ्यात विधिमंडळाने शाळेच्या खर्चासाठीचा घराचा कर रद्दच करून टाकला, बदल्यात काय ते न ठरवता. मग मार्च १९९४ मध्ये लोकांपुढे दोन वाटा ठेवल्या: विक्रीकर चारवरून सहा टक्के करायचा, नाहीतर इन्कम टॅक्स ४.६ वरून सहा टक्क्यांवर जाईल. ६९ टक्के लोकांनी विक्रीकर घेतला. इन्कम टॅक्स तिथेही नको झाला. विक्रीकर गरिबाला जास्त टोचतो, हे मला मान्य आहे आणि म्हणून तो मार्ग मला आवडत नाही. पण दोन गोष्टी तिथे वेगळ्या होत्या. जुना खिसा आधी शिवला होता. आणि नवा पैसा आधी राज्याच्या तिजोरीत गेला, तिथून मुलांच्या संख्येप्रमाणे वाटला गेला. तिथल्या लोकांनी 'हो' म्हटलं यात मला नवल वाटत नाही.

आमच्याकडे मात्र गाडं तिथेच अडलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये राज्यभर शाळेसाठीचा घराचा कर काढून त्याऐवजी इन्कम आणि सेल्स टॅक्स वाढवायचं विधेयक सिनेटमध्ये आलं. २४ विरुद्ध २४. लेफ्टनंट गव्हर्नरांच्या मताने पडलं. २०१७ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, राहत्या घराला शंभर टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा मिळाली. ती कागदावर आहे, पैसे कुठून आणायचे ते कुणी ठरवलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टाने निकाल दिला की शाळांना पैसे पुरवायची ही पद्धतच राज्याच्या घटनेत बसत नाही. सहा गरीब डिस्ट्रिक्ट २०१४ पासून लढत होते. निकालपत्र सातशेहून जास्त पानांचं आहे, मी त्यातली बरीच वाचली. खटल्यात विधिमंडळातल्या नेत्यांच्या बाजूच्या एका वकिलाने विचारलं होतं की सुतारकाम करणाऱ्याला जीवशास्त्राचा काय उपयोग. माझ्या बाबांनी सुताराची, धनगराची, ऊसतोड कामगारांची पोरं शिकवली. त्यांना हे वाक्य ऐकावं लागलं नाही, बरं झालं. निकालानंतर नेमलेल्या आयोगाने ५४० कोटी डॉलरची तूट दाखवली आणि २०२४-२५ च्या बजेटमध्ये त्यातले सुमारे ५० कोटी आले. सुरुवात म्हणून मी ती मोजते. पण या वेगाने तूट भरेपर्यंत आज पहिलीत असलेलं मूल कॉलेजात पोहोचेल.

माझं म्हणणं आता सरळ आहे. घराऐवजी कमाईवर कर असावा, हो. पण तो राज्याने गोळा करावा, डिस्ट्रिक्टने नव्हे. भाड्याने राहणाऱ्याला त्यात सवलत हवी. आणि जितका नवा कर, तितका जुना कर कायद्याने बंद. या तीन गोष्टी एका प्रश्नात घालून माझ्यापुढे आणा, मी 'हो' म्हणेन. माझ्या पगारातून जास्त गेले तरी म्हणेन. २००७ चाच प्रश्न पुन्हा आणला, आणि अधूनमधून तशी कुजबुज ऐकू येते, तर मी 'नाही' म्हणेन, शेजारच्या बाईंच्याच कारणासाठी.

बाईंनी २०१४ मध्ये घर विकलं. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता, पण त्या मला म्हणाल्या की गुडघ्यांचं मी चालवून घेतलं असतं. सामान बांधायला मी गेले होते. फ्रिज नव्या मालकाला देऊन टाकला होता. त्यावरचं बिल त्यांनी काढून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं, कारण त्या वर्षीचे जुलैपासूनचे दिवस मोजून आपला हिस्सा त्यांना भरायचा होता. तो त्यांनी दोन टक्क्यांची सूट धरून भरला.

एक कामाची गोष्ट. पेनसिल्व्हेनियात तुमचे कुणी ६५ च्या पुढचे असतील, पन्नाशीनंतरच्या विधवा किंवा विधुर असतील, किंवा अपंग असतील, तर राज्याचा प्रॉपर्टी टॅक्स आणि रेंट रिबेट आहे. २०२३ मध्ये त्याची मर्यादा वाढवली आहे: उत्पन्नाची अट ४५,००० पर्यंत नेली, परतावा जास्तीत जास्त हजार डॉलर, आणि नंतर ही अट महागाईप्रमाणे थोडी वर सरकते. सोशल सिक्युरिटीची निम्मीच रक्कम उत्पन्नात धरतात, म्हणून 'आपण बसत नाही' असं आधीच ठरवू नका. भाड्याने राहणाऱ्यांनाही मिळतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. फॉर्म पीए-१००० म्हणून आहे. माझ्याकडे छापलेल्या प्रती आहेत आणि शनिवारी सकाळी मी घरीच असते. आई-बाबांना, शेजाऱ्यांना, कुणालाही घेऊन या. येताना कराची पावती किंवा घरमालकाचं भाड्याचं पत्र आणा, बाकी आपण बसून भरू.